फॉर लूप चालवायच्या आधी एको लावून बघा

लग्नाच्या सिझनला कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या स्टुडिओत फोटोंचे ढीग लागतात, आणि लिनक्स वापरणारी पोरं पण एकेक फाईल हातानं रिनेम करत बसतात, लय वाईट वाटतं बघून. फॉर लूप वापरा की, तो एकच कमांड सगळ्या फाईलींवर एकेक करून चालवतो! फॉर, मग व्हेरिएबलचं नाव (दर फेरीला त्यात एका फाईलचं नाव येतं), इन, पुढं स्टार डॉट जेपीजी, मग डू, खाली कमांड आणि शेवटी डन. झालं.

पण फाईलचं नाव 'रंकाळा संध्याकाळ' असं मधी स्पेस असलेलं असलं तर व्हेरिएबल डबल कोटमध्येच पाहिजे, म्हणजे डॉलरचं चिन्ह आणि नाव दोन्ही कोटच्या आत, नाहीतर बॅश, म्हणजे आपल्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, त्याचे दोन तुकडे करतं आणि एमव्ही, म्हणजे नाव बदलायची कमांड, 'रंकाळा' नावाची वेगळीच फाईल शोधत बसतं. फाईलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडचं आउटपुट लूपला देऊ नका, तिथं पण हेच तुकडे होतात.

आणि पहिल्यांदा कमांडच्या आधी एको लिहून चालवा. काहीच बदलत नाही, फक्त कुठल्या कमांडी चालणार ते स्क्रीनवर दिसतं (कमांडमध्ये > हे आउटपुट फाईलमध्ये पाठवायचं चिन्ह असलं तर मात्र एको लावूनही फाईल लिहिली जाते, तेवढं बघा). नावं बरोबर दिसली की एको काढा, आणि एमव्हीला मायनस एन लावा, म्हणजे त्याच नावाची जुनी फाईल ओव्हरराईट होत नाही.