आधी क्लावे, मग सिंथ: लॅटिन-इलेक्ट्रॉनिक पहिला अल्बम करताना

लॅटिन ठेक्यांवर इलेक्ट्रॉनिक अल्बम बांधायचा तर सिंथला (इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणाऱ्या वाद्याला) हात लावण्याआधी क्लावे ठरवा, म्हणजे सगळं गाणं ज्यावर तोललेलं असतं तो पाच आघातांचा ठेका. सोळा खणांच्या ग्रिडवर 1, 4, 7, 11, 13 इथे आघात ठेवले की झाली 3-2 सॉन क्लावे: पहिल्या आठ खणांत तीन आघात, पुढच्या आठांत दोन. सातव्या खणातला आघात आठव्यात सरकवला तर रुम्बा क्लावे. दोन्ही अर्धांची अदलाबदल केली की 2-3. क्लावेचं वाद्य शोधत नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ पालथी घालायची गरज नाही; घट्ट लाकडाच्या दोन टिपऱ्या पुरतात. गुइरो या खाचांवर काठी घासून वाजवायच्या वाद्याऐवजी किसणीवर काटा घासा.

बेस 4, 7, 12, 15 वर. पहिला खण रिकामा. हाऊस या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताची सवय असलेले इथेच घसरतात. किक (ड्रमचा जड ठोका) 1, 5, 9, 13 वर वाजतच असते, त्यात बेसही 1 वर बसवला की ठेका जमिनीला चिकटतो. बेसचे हेच चार खण स्नेअरला (कडक आवाजाच्या ड्रमला) दिले की रेगेटॉन या लॅटिन नाचसंगीताचा डेम्बो ठेका तयार. त्याला 90 ते 100 बीपीएम (मिनिटाला ठोके). हाऊसला 120 ते 125.

सगळ्यात फसवी चूक कापाकापीत होते. ब्रेकमध्ये (ठेका थांबतो त्या जागी) आठ खण उडवले की पुढचं सगळं गाणं क्लावेच्या उलट बाजूने चालतं. कान खटकतो, पण कारण सापडत नाही. म्हणून कापायचं ते पूर्ण सोळा खणांत. विकतचा लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तयार तुकडा) उलटा बसत असेल तर आठ खण सरकवून पाहा. स्विंगचं बटण शक्यतो शून्यावर ठेवा: ते 2, 4, 6 असे सम आकड्यांचे खण मागे ओढतं, त्यामुळे सॉन क्लावेचा चौथ्या खणातला एकटा आघात लंगडतो. हाताने वाजवलेल्याचं क्वांटाइझ, म्हणजे आघात खणांवर ओढून बसवणं, 60-70 टक्क्यांवर थांबवा.

नागपुरात मे महिन्यात खरी अडचण कूलरची. त्याची घरघर सॉफ्टवेअरने काढता येते, पण सोबत शेकरही (खुळखुळ्यासारखं वाद्य) पाणचट होतो, कारण दोन्हींचा आवाज सगळ्या फ्रीक्वेन्सींवर पसरलेला असतो. पहाटे, कूलर बंद ठेवून, 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. शिखर −10 डीबीच्या आसपास. दुपारी लॅपटॉप तापला की प्रोसेसर मंदावतो आणि आवाजात चटचट येते. सिंथचे ट्रॅक फ्रीझ करून, म्हणजे तयार ऑडिओत बदलून, ठेवा.

मिक्समध्ये कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) 120 हर्ट्झखाली कापा, तिथली जागा किक आणि बेसची. मास्टरचं (अंतिम फाईलचं) ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, −1 डीबीच्या वर नको. आणि प्रत्येक फाईलच्या नावात 3-2 की 2-3 हे लिहाच; रीमिक्स मागणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.