पेन्सिलीआधी बोटं घडवू या

केजीचा प्रवेश झाला की ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, घरोघरी 'अ' गिरवून घ्यायची घाई सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली ८ हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, बराचसा भाग मऊ, लवचीक कूर्चाच असतो. पेन्सिल मुठीत आवळून दोन ओळी झाल्या की हात दुखतो आणि वही दिसताच मूल पळ काढतं. आधी बोटांत ताकद येऊ द्या.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कणीक. वाटीभर कणीक, अर्ध्या वाटीला जरा कमी पाणी, चमचाभर तेल. सैल झाली तर बोटांना चिकटते आणि मूल वैतागतं. घट्ट झाली तर ते तळहाताने बडवत बसतं. वाटाण्याएवढ्या गोळ्या वळायला सांगा. त्या जमल्या की छोटी पारी हातात द्या आणि मोदकाला पाडतो तशा कळ्या पाडू द्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट: पुढे पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागणार आहेत.

पावसाळ्यात घरातच कपडे वाळत घालता, तेव्हा मुलाच्या छातीइतक्या उंचीवर एक दोरी बांधा. रुमाल त्याने लावायचे. नव्या चिमट्यांची स्प्रिंग कडक असते, मूल अख्ख्या मुठीने दाबतं. जुने, सैलावलेले चिमटे द्या.

ओतायचं काम ताटात ठेवून, अर्ध्या भरलेल्या पेल्याने. आधी तूरडाळ, मग पाणी. डाळ, चिंचोके, वाटाणे असे दाणे नाकात जातात, म्हणून मोठं माणूस शेजारी हवंच. तीन वर्षांखालच्यांना असे दाणे देऊच नका.

पाटी भिंतीला, डोळ्यांच्या उंचीवर टांगा. मनगट आपोआप मागे वळतं. खडू मात्र इंचभराचा तुकडाच. लांब खडू मुठीत जातो, तुकडा बोटांनीच धरावा लागतो.

ऊन पडलं की ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी किंवा वाशीच्या सागर विहारला न्या आणि पडलेली पानं, बिया वेचू द्या. बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही परिसरातल्या अशाच वस्तू हाताशी धरून.

शर्टाची बटणं स्वतः लावता आली, कात्रीने सरळ रेघेवर कागद कापता आला, की पेन्सिल द्या. जाड आणि आखूड.