घरातील उपशामक उपचार : तज्ज्ञ परिचारिकेची मदत कशी घ्यावी

बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णाकडे उपशामक उपचारांचे, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे, विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिका प्रथमच येते, तेव्हा अंग पुसणे आणि इंजेक्शन देणे एवढीच घरच्यांची बहुधा अपेक्षा असते. तिचे मुख्य काम मात्र त्रासाचे मूळ ओळखणे, औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलणे आणि पुढे काय उद्भवू शकते याची घरच्यांकडून आधीच तयारी करून घेणे हे असते.

त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. वेदना 0 ते 10 पैकी किती, ती कशाने वाढली, वेदनाशामकाची जादा मात्रा किती वाजता दिली आणि आराम केव्हा पडला, हे त्यात लिहावे. ‘रात्र वाईट गेली’ या वाक्यातून फारसे हाती लागत नाही. ‘पहाटे 3 वाजता कूस बदलताना 8, मात्रेनंतर पाऊण तासाने 4’ एवढे वाचले, की कूस बदलण्यापूर्वीच मात्रा द्यावी का, याचा विचार तिला करता येतो.

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाविषयीची भीती तिच्यापाशी मोकळेपणाने बोलावी. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र टिकते, म्हणून रेचक सोबतच सुरू करतात. सावकाश विरघळणारी गोळी कुटून देऊ नये. फेंटानिल या वेदनाशामकाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच साधारणपणे 72 तासांनी बदलतात आणि त्यावर शेकाची पिशवी कधीही ठेवू नये, कारण उष्णतेने औषध वेगाने शरीरात शिरते. गिळणे बंद झाल्यास त्वचेखाली 24 तास औषध सोडणारा छोटा सिरिंज पंप ती लावू शकते.

रुग्णाशी तिला थोडा वेळ एकटीला बोलू द्यावे. घरच्यांना हे खटकते, तरीही. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणारे केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स मुळात परिचारिका होत्या, आणि शरीराच्या दुखण्यात मनाची, नात्यांची व श्रद्धेची वेदनाही मिसळलेली असते, हा विचार त्यांनीच मांडला.

रात्री फोन कोणाला करायचा, धाप लागल्यास प्रथम काय द्यायचे, हे तिच्याकडून लिहून घ्यावे. शेवटच्या दिवसांत घशातून येणारी घरघर ऐकणाऱ्यांना असह्य होते, पण शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाला तिचा त्रास बहुधा होत नाही. त्याला कुशीवर वळवावे आणि ओठ ओले ठेवावेत. मृत्यूनंतर उरलेले मॉर्फिन व पॅच घरात न ठेवता तिच्या सांगण्याप्रमाणे परत करावेत.