जुनी गाडी घेण्यापूर्वी तिचा एमओटीचा इतिहास कसा वाचावा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या काही महिन्यांतच गाडीची निकड भासू लागते, कारण मोठी शहरे सोडली तर मुलांची शाळा, नोकरीचे ठिकाण आणि आठवड्याची खरेदी हे सारे बसच्या वेळापत्रकात बसवणे कठीण जाते. त्यातच भारतीय परवान्यावर इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते, त्यामुळे ती मुदत संपण्याच्या आत गाडी घेऊन, हात बसवून, इथल्या परवान्याची परीक्षा द्यावी असा बहुतेकांचा बेत असतो. या घाईत जुनी गाडी घेतली जाते, आणि विक्रेत्याने ‘एमओटी अजून ९ महिने आहे’ असे सांगितले की आपले समाधान होते. तेवढ्यावर समाधान मानू नये, हे सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

एमओटी ही गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही याची वार्षिक तपासणी होय. ती १९६० साली, तेव्हाच्या परिवहन मंत्रालयाच्या म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टच्या नावाने, १० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सुरू झाली. आज गाडीला ३ वर्षे पूर्ण झाली की ती दरवर्षी करावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये ही मर्यादा ४ वर्षांची आहे. आपल्याकडच्या पीयूसीशी तिची तुलना करू नये. पीयूसीत केवळ धूर तपासला जातो; इथे ब्रेक, टायर, स्टिअरिंग, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट आणि गाडीच्या सांगाड्याला धरलेला गंज हे सारे पाहिले जाते. या तपासण्यांचे २००५ पासूनचे निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी केवळ गाडीचा नंबर लागतो, आणि तो जाहिरातीतल्या छायाचित्रातही बहुधा दिसतो. म्हणजे गाडी पाहायला जाण्यापूर्वी, घरबसल्या, तिची अनेक वर्षांची प्रकृती आपल्याला वाचता येते.

निकालाचे पान उघडल्यावर नजर आधी ‘पास’ आणि ‘नापास’ या शब्दांकडे जाते, परंतु महत्त्वाचा मजकूर त्यांच्या खाली असतो. २० मे २०१८ पासून दोषांचे धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे तीन प्रकार केले गेले. पहिल्या दोन प्रकारांतील एकही दोष आढळला तर गाडी नापास होते, किरकोळ दोष असतानाही ती पास होते. याखेरीज अॅडव्हायझरी नावाची नोंद असते. आज नापास करण्याइतके बिघडलेले नाही, पण लक्ष ठेवा, असे तपासनीस तीत सांगतो. उदाहरणार्थ, टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असणे बेकायदा आहे. ती २ मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर गाडी पास होते आणि टायर झिजत आल्याची अॅडव्हायझरी मिळते. अशा गाडीचे टायर नव्या मालकालाच बदलावे लागणार, हे किमतीची बोलणी करताना ध्यानात घ्यावे.

अॅडव्हायझरी एका वर्षाची सुटी वाचू नये, सलग वाचावी. हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या इथल्या पहिल्या गाडीचे प्रमाणपत्र नवे होते आणि मी तेवढेच पाहिले होते. पाचव्या महिन्यात ब्रेकचे पेडल मऊ लागू लागले, म्हणून गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने ती रॅम्पवर उचलली आणि मला खाली बोलावून मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप दाखवला. त्यावर काळा जाड लेप दिलेला होता. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो लेप खरवडताच तपकिरी गंजाचे पापुद्रे माझ्या तळहातावर पडले. त्या रात्री मी प्रथमच त्या गाडीचा इतिहास उघडला. ओळीने तीन वर्षे तपासनीसांनी ब्रेकच्या पाइपला गंज धरल्याचे एकच वाक्य लिहिले होते, आणि चौथ्या वर्षी ते वाक्य नाहीसे झाले होते. दुरुस्ती झाली म्हणून ते गेले नव्हते. लेपाखाली काय आहे ते दिसेनासे झाले म्हणून गेले होते.

तेव्हापासून एखादी तक्रार वर्षानुवर्षे येऊन एकाएकी थांबलेली दिसली की मी विक्रेत्याकडे त्या कामाचे बिल मागतो. बिल असेल तर आधीच्या मालकाने गाडीची निगा राखली असे मानण्यास जागा असते. बिल नसेल आणि ‘ते सगळे नीट करून घेतले आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर ती गाडी गॅरेजमध्ये उचलून दाखवल्याशिवाय घेऊ नये. इथे हिवाळ्यात बर्फ साचू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि ते गाडीच्या पोटाला चिकटून पत्रा कुरतडते, म्हणून गंजाच्या नोंदींना मी इतर सर्व नोंदींपेक्षा अधिक वजन देतो. त्याउलट, एखाद्या वर्षी गाडी नापास होऊन त्याच दिवशी किंवा दोन दिवसांत पास झालेली दिसली तर घाबरू नये. एखादा बल्ब गेला होता, तो बदलला, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. नापास होण्याचे कारण वाचावे.

प्रत्येक तपासणीच्या वेळी गाडी किती मैल चालली आहे हेही नोंदवले जाते. हे आकडे दरवर्षी वाढत गेले पाहिजेत. मध्येच आकडा घटला तर मीटर मागे फिरवल्याची शक्यता असते. मात्र एकाच वर्षी एक अंक विचित्र दिसून पुढच्या वर्षी क्रम पुन्हा जुळत असेल, तर ती बहुधा लिहिण्यातली चूक असते. पहिल्या ३ वर्षांत एमओटी नसल्यामुळे त्या काळासाठी सर्व्हिस बुकातील नोंदी पाहाव्यात. एखादे वर्ष पूर्ण रिकामे असेल तर गाडी तेव्हा रस्त्यावर होती का, हे विचारावे. २०२० सालाची गोष्ट वेगळी आहे: महासाथीमुळे त्या वर्षी ३० मार्चपासून मुदत संपणाऱ्या गाड्यांना ६ महिन्यांची वाढ मिळाली होती, त्यामुळे तेव्हा दीड वर्षाचे अंतर दिसले तरी त्यात संशयास्पद काही नाही.

तपासणी कोणत्या केंद्रावर झाली हे पाहायचे असेल तर लॉगबुकावरचा, म्हणजे व्ही५सी या गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा, ११ अंकी क्रमांक लागतो. विक्रेत्याच्या घरी गेल्यावर तो कागद हातात घ्यावा आणि त्यावरील चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अंक न् अंक ताडून पाहावा. लॉगबुकात नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे, हे त्या कागदावरच छापलेले असते, आणि आरसी बुकाची सवय असलेल्या आपल्या लोकांच्या ते लक्षात येत नाही.

एमओटीच्या इतिहासात काय नसते हेही सांगणे आवश्यक आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कितपत झिजले आहेत हे या तपासणीत पाहिलेच जात नाही. गाडीवर कर्ज थकलेले आहे का, किंवा अपघातानंतर विमा कंपनीने तिला ‘एस’ अथवा ‘एन’ वर्गात टाकले आहे का, हेही तिथे कळत नाही. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा झालेली आणि ‘एन’ म्हणजे सांगाडा शाबूत राहिलेली गाडी. या दोन्ही गोष्टींसाठी थोडे पैसे देऊन खासगी तपासणी अहवाल घ्यावा लागतो, आणि तो खर्च टाळू नये. डीलरकडून घेतलेल्या गाडीत आधीपासूनचा मोठा दोष निघाला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. खासगी विक्रेत्याच्या बाबतीत तो हक्क नाही, म्हणून तिथे हा सारा अभ्यास दुप्पट काळजीने करावा.

व्यवहार ठरल्यावर, गाडी घरी आणण्यापूर्वीच, विमा आणि वाहन कर आपल्या नावाने भरलेला असावा. जुन्या मालकाचा कर ऑक्टोबर २०१४ पासून नव्या मालकाकडे जात नाही. एमओटीची उरलेली मुदत मात्र गाडीबरोबर येते. पुढच्या तपासणीच्या महिनाभर आधी आठवण करून देणारी मोफत सरकारी सेवा आहे, तीत गाडीचा नंबर त्याच दिवशी नोंदवून ठेवावा.