आयर्न कार्बोनिल कॅटायनचा रेट काढताय? इंटरसेप्ट पुसू नका

पुण्यात एमएस्सी प्रोजेक्ट करत असाल किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असाल आणि गाइडने सायक्लोहेक्साडाइनिल आयर्न ट्रायकार्बोनिलचं टेट्राफ्लुरोबोरेट सॉल्ट देऊन "फॉस्फीन त्याच्या रिंगवर किती वेगाने जोडला जातो ते काढ" असं सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी टेम्परेचर. एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची सकाळ यात इथल्या लॅबमध्ये केवढा फरक पडतो माहितीये ना, म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या सेल होल्डरला सर्क्युलेटर (ठरलेल्या टेम्परेचरचं पाणी फिरवणारा पंप) लावा आणि २० डिग्रीवर ठेवा, कारण मायरच्या स्केलवरचे (कोणता रेणू किती वेगाने जोडला जातो ते सांगणारे) आकडे २० डिग्रीचेच आहेत, पुढे तुलना करायला सोपं जातं.

कॅटायन अगदी कमी घ्यायचं, १०⁻⁴ मोलरच्या आसपास, आणि फॉस्फीन त्याच्या निदान १० पट, म्हणजे रनभर त्याचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं आणि कर्व्ह साधा एक्स्पोनेन्शियल येतो. वेव्हलेंग्थ बघून निवडा, ट्रायफिनाइलफॉस्फीन स्वतःच यूव्हीत जोरात शोषतं. हाताने मिक्स करण्यातच काही सेकंद जातात, त्यामुळे हाफ-लाइफ सेकंदाच्या घरात असेल तर स्टॉप्ड-फ्लोशिवाय (दोन द्रावणं क्षणात मिसळून लगेच मोजणारं यंत्र) पर्याय नाही. ट्रायब्युटिलफॉस्फीन तर हवेत पटकन ऑक्सिडाइझ होतं, मग बाटलीवरचं प्रमाण खरं राहत नाही आणि स्लोप कमी येतो, म्हणून ते नायट्रोजनखाली आणि हूडमध्येच हाताळा.

आता मुख्य गोष्ट. फॉस्फीनच्या पाच-सहा वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनला के-ऑब्झर्व्ह्ड (त्या कर्व्हवरून येणारा रेट कॉन्स्टंट) काढा, कॉन्सन्ट्रेशनविरुद्ध ग्राफ मारा आणि रेष झीरोमधून जबरदस्तीने नेऊ नका!! समजा ०.००५, ०.०१ आणि ०.०२ मोलरला १.०, १.५ आणि २.५ प्रति सेकंद आले. प्रत्येकाला कॉन्सन्ट्रेशनने भागलंत तर २००, १५०, १२५ येतात आणि वाटतं प्रयोगच बिघडला, पण खरं तर रेष एकदम सरळ आहे, स्लोप १०० आणि इंटरसेप्ट (कॉन्सन्ट्रेशन शून्य असताना रेष जिथे पोचते तो आकडा) ०.५. तो ०.५ म्हणजे जोडलेला फॉस्फीन परत सुटण्याचा रेट, आणि १०० भागिले ०.५ म्हणजे इक्विलिब्रियम कॉन्स्टंट २००. हे पडताळताही येतं, कारण मग ०.००५ ला निम्मंच कॅटायन जोडलं जाणार, ०.०२ ला ८० टक्के, म्हणजे शेवटचा ॲब्सॉर्बन्सही त्याच हिशोबात बदलायला हवा, नाही बदलला तर इंटरसेप्ट दुसऱ्याच कुठल्यातरी रिॲक्शनचा आहे.

अमाइन घेतलंत तर ग्राफ वर वळू शकतो, कारण प्रोटॉन काढून न्यायला दुसरा अमाइन रेणू लागतो. आणि पावसाळ्यात सॉल्व्हंट नीट ड्राय करा, अमाइनबरोबर पाणी असलं की हायड्रॉक्साइड तयार होतो आणि तोही कॅटायनवर जोडला जातो.

न्यूक्लिओफाइल (कॅटायनला इलेक्ट्रॉन देऊन जोडला जाणारा, इथे फॉस्फीन किंवा अमाइन) रिंगवरच गेला का, हे आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममध्ये बघा. आयोडाइडसारखा न्यूक्लिओफाइल एक कार्बोनिल हाकलून सरळ आयर्नवर बसतो, तेव्हा तो रेट फॉस्फीनच्या यादीत घालायचा नाही. फॉस्फीनमध्येही नुसती बेसिसिटी बघून भागत नाही, ऑर्थो-टॉलिल फॉस्फीनचा कोन अँगल (रेणू किती जागा अडवतो त्याचं माप) १९४ डिग्री, ट्रायफिनाइलचा १४५, त्यामुळे मिथाइल ग्रुप इलेक्ट्रॉन देत असले तरी ऑर्थोवाला मागेच पडतो.

चार टेम्परेचरला हेच सगळं करून आयरिंग प्लॉट (टेम्परेचरबरोबर रेट कसा बदलतो त्याचा ग्राफ) काढलात तर ॲक्टिव्हेशन एन्ट्रॉपी निगेटिव्ह यायला हवी, दोन रेणूंचा एक होतोय ना, आणि प्रत्येक टेम्परेचरला स्लोप वेगळा काढून तोच प्लॉटमध्ये टाका, एकाच कॉन्सन्ट्रेशनचा के-ऑब्झर्व्ह्ड नको, त्यात उलटा रेट मिसळलेला असतो.