पक्ष्यांवर लिहायचंय? मग टेकडी सोडा, सोसायटीतला उंबर गाठा

काही सुचत नसेल तर निसर्गात जा, हा सल्ला सगळेच देतात. मग आमच्या पुण्यात लोक रविवारी पहाटे वेताळ टेकडी चढतात, सूर्योदयाचे फोटो काढतात, खाली येऊन पोहे-चहा करतात आणि वही कोरी ती कोरीच. नुसतं हिंडून कोणाला काही सुचत नाही हो, एका जागी बसून एकच पक्षी नीट बघावा लागतो.

जागा घराजवळची घ्या. पाषाण तलाव आहे, एम्प्रेस गार्डन आहे, थंडीत चक्रवाक बघायला कवडी पाट आहे, पण पहिल्याच लेखासाठी भिगवणला फ्लेमिंगो बघायला पळू नका. तिथे इतकं काही एकदम दिसतं की लिहिताना नुसती यादी होते. फळलेला उंबर शोधा, तांबट, बुलबुल, कोकीळ आपणहून येतात. दुर्बीण असेल तर घ्या, कॅमेरा घरी ठेवा. पक्षी ओळखू आला नाही तरी अडत नाही, नाव मर्लिन ॲपवर नंतर बघता येतं.

आता खरी गोची. टिपणं. इथे मी स्वतः बरेच महिने अडकलो होतो, वह्या भरायच्या पण त्यातून लेख काही उभा राहायचा नाही, कारण वहीत नुसतं 'सुंदर', 'मोहक', 'मन प्रसन्न झालं' एवढंच, म्हणजे सगळं माझ्याबद्दल आणि पक्ष्याबद्दल काहीच नाही. म्हणून माझा नियम सांगतो आणि तो कडक पाळा: पहिली वीस मिनिटं फक्त क्रियापदं लिहायची. काय करतोय तो? बसला, मान वळवली, चोच घासली, उडाला, परत त्याच फांदीवर आला. विशेषण आलं की खोडा.

तांबटाचंच बघा. मार्च-एप्रिलच्या टळटळीत दुपारी त्याचं टुक टुक टुक चालू असतं, आणि त्यावर लिहिणारा प्रत्येक पुणेकर लगेच तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या, कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन पोचतो. ती उपमा वापरून वापरून गुळगुळीत झालीय, सोडून द्या. त्याऐवजी त्याच्या गळ्याकडे बघा. चोच बंद असते! आवाज चालू आणि चोच बंद, फक्त गळ्याची कातडी फुगते, आणि ओरडता ओरडता डोकं कधी इकडे कधी तिकडे वळतं, म्हणून आवाज नेमका कुठून येतोय ते कळतच नाही आणि आपण खाली वेड्यासारखे फांद्या शोधत बसतो. हे एकदा दिसलं की पहिलं वाक्य शोधावं लागत नाही, ते वहीत आधीच असतं.

दुसरा धोका म्हणजे आपल्या भावना पक्ष्याला चिकटवणं. कोकीळ ओरडला की लगेच विरह. अरे, तो काळा नर मादीला बोलावतोय! ती ठिपकेदार मादी पानांत लपलेली असते, तिचा आवाज वेगळाच, किक-किक असा, आणि ती अंडं घालते कावळ्याच्या घरट्यात. पुढे कावळेच ते पिल्लू भरवतात. ही हकीकत सोडून विरहावर लिहायचं म्हणजे हातातलं टाकून पळत्याच्या पाठी लागणं.

लेख त्याच दिवशी लिहा, रात्र उलटू देऊ नका, कारण झोपेनंतर आठवण फार गोड होते आणि बारकावे गळून जातात. मोठ्याने वाचा. माणसाने पक्ष्यांपासून काय शिकावं असा परिच्छेद शेवटी आला असेल तर तो बिनदिक्कत उडवा.

आणि घरटं सापडलं तर जागा लेखात लिहायची नाही, फोटोतही कळू द्यायची नाही. 'टेकडीवरच्या एका वाळक्या फांदीत' एवढं पुरे. मोबाईलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणं तर अजिबात नको, विणीच्या दिवसांत त्याला नसलेल्या शत्रूशी झुंजायला लावता तुम्ही. लिहून झाल्यावर एक काम मात्र करा. तांबट घरटं कोरतो ते वाळक्या फांदीतच, आणि सोसायट्या पावसाळ्याआधी नेमक्या त्याच फांद्या छाटतात. कुऱ्हाड लागण्याआधी त्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक दिसतंय का ते बघायला लावा, आणि दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत फांदी ठेवायला सांगा.