घरात आरसी (रिमोटवर चालणारं) हेलिकॉप्टर उडवण्याआधी

ही तयारी वर एकच रोटर (उचलणारा पंखा) असलेल्या, चार चॅनेलच्या, म्हणजे रिमोटवरून चार हालचाली सांभाळाव्या लागणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरची आहे. डब्ल्यूएलटॉईजचं व्ही-९११ किंवा त्याच जातीचं काहीही चालेल. एकावर एक दोन रोटर असलेलं कोअ‍ॅक्सिअल असेल तर निम्मं सोडून द्या, ते बरंचसं स्वतःच सांभाळून घेतं. आणि दुकानदाराच्या भरीला पडून कलेक्टिव्ह पिचचं (उडताना पात्यांचा कोन बदलणारं) आणलं असेल तर ते खोक्यातच राहू द्या, आधी काही आठवडे संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवा. दिवाणखान्यात ते उडवायचं नाही. विषय संपला.

आता पंखा. छताचा पंखा बंद करा. थांबलेला दिसतोय म्हणजे बंद आहे असं नाही! भिंतीपाशी जा आणि बटण वर आहे का ते बघा. दुपारी लाईट गेलेली असते, पंखा थांबलेला असतो, खिडकीतून हवा तेवढा उजेड येत असतो, आणि उडवायला हीच वेळ बरी असं वाटतं. बटण मात्र खालीच राहिलेलं. हेलिकॉप्टर छातीइतक्या उंचीवर जेमतेम स्थिर होतंय तोवर लाईट येते. मागच्या वेळी माझा शेपटीचा दांडा असाच मोडला आणि मेन शाफ्ट (रोटर फिरवणारा मधला दांडा) वाकला. तेव्हा बटण वर करा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. चिकटपट्टी विनोद म्हणून सांगत नाहीये. उकडायला लागलं की आई बोलता बोलता येऊन बटण दाबते, तुम्ही काय करताय ते तिला दिसतही नाही. बटण बंद केल्यावरही पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि खोलीतली हवा शांत व्हायला आणखी थोडा वेळ द्या. पंख्याचा वारा मधोमध खाली येतो आणि भिंतींपाशी वर वळतो, त्यात एवढंसं यंत्र भिंतीकडे ओढलं जातं आणि आपण उगाच ट्रिमची (सरकणं दुरुस्त करायची) बटणं दाबत बसतो.

बंद पंख्याच्याही खाली उडवू नका. छताच्या फार जवळ गेलं की रोटर वरची हवा ओढून घेतो, मधल्या फटीत दाब कमी होतो आणि हेलिकॉप्टर छताला चिकटल्यासारखं होतं. तुम्ही घाबरून थ्रॉटल (रोटरचा वेग कमी-जास्त करणारी दांडी) एकदम सोडता आणि ते दगडासारखं खाली येतं.

बॅटरी. एका सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), ३.७ व्होल्टची. पूर्ण भरली की ४.२ आणि ३ च्या खाली गेली की संपलीच समजा. चार्जिंगला ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात ठेवा. गादीवर नाही, रात्रभर नाही, आणि आपण बाहेर गेलेलो असताना तर नाहीच. उडवून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, निवू द्या. जराशी जरी फुगलेली दिसली तरी मोह सोडा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. रिमोटचे सेल नवे घाला, हे सांगायला नको.

यंत्र हातात घेऊन एकदा नीट बघा. ब्लेडच्या कडेला चीर आहे का? ब्लेडचा स्क्रू करकचून आवळू नका, बोटाने ढकललं की ब्लेड हललं पाहिजे. शेपटीच्या रोटरमागे केस अडकलाय का ते उजेडात धरून बघा. फरशीवरचे लांब केस तिथे इतके घट्ट गुंडाळले जातात की मोटर तापते आणि शेपूट एका बाजूला फिरायला लागते. आपल्याला वाटतं जायरो (यंत्र स्थिर धरणारा सेन्सर) बिघडला. चिमट्याने केस काढा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. सतरंजी गुंडाळून ठेवा, तिच्यात स्किड (उतरायचे खालचे पाय) अडकून हेलिकॉप्टर आडवं होतं. गुळगुळीत फरशी उत्तम.

चालू करण्याचा क्रम: थ्रॉटल पूर्ण खाली, आधी रिमोट, मग हेलिकॉप्टरची बॅटरी. बंद करताना उलट, आधी हेलिकॉप्टर आणि मग रिमोट. बॅटरी जोडल्यावर लगेच ते सपाट जमिनीवर ठेवा आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका, कारण तेवढ्या वेळात जायरो आपली शून्य जागा ठरवतो. हातात हलवत धरलंत तर त्याची शून्य जागाच चुकते, मग ते एकीकडे सरकतच राहतं. सरकायला लागलं तर आधी हा क्रम आठवा, मग पंख्याचं बटण पुन्हा बघा, आणि सगळ्यात शेवटी ट्रिम.

उडवताना शेपूट आपल्याकडे असू द्या. तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिक्या हमखास तिथेच फसतो. मोड २ चा रिमोट असेल तर डाव्या दांडीवर थ्रॉटल आणि शेपूट, उजव्या दांडीवर पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे सरकणं. जमिनीपासून वीतभर उंचीवर रेंगाळू नका. सगळ्यांना वाटतं की खाली सुरक्षित आहे, पण रोटरने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत अंगावर येते आणि यंत्र डगमगतं. गुडघ्याच्या वर न्या, मग शांत होतं. कशालाही धडकलं की डावा अंगठा खाली! वाचवायला म्हणून थ्रॉटल वाढवला की अडकलेल्या रोटरवर मोटर जोर लावत राहते, मग गिअरचे दात जातात नाहीतर मोटर जळते. धडकण्याआधीच थ्रॉटल कापायची सवय लागली तर आणखी चांगलं. पाच मिनिटांचा टायमर लावा. आणि मधे लाईट गेली तर आधी उतरवा, मग पंख्याचं बटण बघा. हो, पुन्हा. चिकटपट्टी निघाली असेल तर नवी लावा.

बाहेर न्यायचं असेल तर सकाळी लवकर, झाडाचं पानही हलत नसेल तेव्हा. दुपारनंतर किनाऱ्यावर खारा वारा सुटतो, त्यात हे टिकत नाही. संक्रांतीच्या आसपास मैदानात मांजा पडलेला असतो, तो शाफ्टमध्ये जातो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, म्हणजे सगळ्यात हलक्या वर्गात मोडतं, पण तेवढ्यावर विसंबून विमानतळाच्या किंवा लष्करी भागाच्या आसपास जाऊ नका. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघा. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, तेही बघा.

आठवडाभर उडवणार नसाल तर बॅटरी ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. पूर्ण भरलेली ठेवायची नाही, रिकामीही नाही. जास्तीची मेन ब्लेड आणि शेपटीचा एक दांडा आधीच मागवून ठेवा, ऐन वेळी दुकानात नेमके तेच नसतात.